वस्तूची सनद आणि विक्रेत्याची अमानत

असरच्या नमाजनंतर तुर्भे येथील एका तरुणाने मला विचारले, "मौलाना, मरहूम अब्बांची एक बॅट घरी आहे. तिच्यावर एका नामवंत क्रिकेटपटूची स्वाक्षरी आहे, असे ते सांगत. अम्मीच्या शस्त्रक्रियेसाठी ती ऑनलाइन विकायची आहे. '१०० टक्के अस्सल' असे लिहिले तर चांगली किंमत येईल. लिहू काय?"

मी विचारले, "स्वाक्षरी होताना तू पाहिलीस?"

"नाही. अब्बांकडून ऐकले."

या मसअल्याचे उत्तर याच वाक्यात आहे. मुहद्दिसांनी प्रत्येक कथनाची सनद तपासली: कोणी, कोणाकडून ऐकले आणि दुवा कोठे तुटला. संग्राह्य वस्तूचेही तसेच आहे. ती कोणाकडून आली, पावती आहे काय, स्वाक्षरी करतानाचे छायाचित्र आहे काय, ही तिची सनद होय. केवळ प्रमाणपत्र पुरेसे नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकातील एफबीआयच्या 'ऑपरेशन बुलपेन' या तपासात बनावट स्वाक्षऱ्यांसोबत बनावट प्रमाणपत्रेही सापडली होती.

आपल्या दाणा बाजारात ग्राहक गोणीत हात घालून आतले धान्य पाहतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, लोकांना दिसावे म्हणून ओला भाग वर का ठेवला नाही, असे विचारून प्रेषितांनी (स.) फसविणारा आपल्यापैकी नसल्याचे बजावले (सहीह मुस्लिम). ऑनलाइन ग्राहकास राशीत हात घालता येत नाही. म्हणून ओली बाजू वर ठेवण्याची जबाबदारी विक्रेत्यावर अधिक येते. न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर परत करण्याचा अधिकारही हनफी फिकहने ग्राहकास दिला आहे.

मी त्यास सांगितले, "प्रथम स्वाक्षरी शाईची आहे की छापील, हे जाणकारास दाखव. मग लिही: वडिलांनी असे सांगितले होते, मी स्वतः पाहिलेले नाही, प्रमाणपत्र नाही. उजेडात सर्व बाजूंची छायाचित्रे दे, तडाही दाखव आणि वस्तू परत घेण्याची तयारी ठेव."

किंमत कमी येईल, हे खरे. परंतु खरे बोलून दोष उघड केल्यास व्यवहारात बरकत होते आणि लपविल्यास ती पुसली जाते, अशी हदीस बुखारी व मुस्लिम या दोहोंत आहे. आईच्या उपचारास कमी पडणारी रक्कम मोहल्ल्याने उभी करावी. अनोळखी ग्राहकास फसवून ती वसूल होऊ नये.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल कमाईची तौफीक देवो. आमीन.