संत अंतोनीचा अग्नी आणि कणसातला काळा दाणा



१७ जानेवारीला ख्रिस्तसभा संत अंतोनी मठाधिपती यांचा सण पाळते. १३ जूनला ज्यांचा सण येतो ते पादुआचे संत अंतोनी वेगळे. हे त्यांच्या कितीतरी आधी, तिसऱ्या-चौथ्या शतकात, इजिप्तच्या वाळवंटात राहिलेले तपस्वी. चित्रात त्यांच्या पायाशी डुक्कर आणि जवळ घंटा दिसते. त्यांच्या नावाने युरोपात एक भयंकर आजार ओळखला जात असे. त्याची हकीकत या पानावर घेण्याची कारणे दोन. पहिले, तो आजार शेतातल्या कणसातून येत होता, आणि त्याच जातीचा रोग आपल्या बाजरीवर आजही पडतो. दुसरे, कॉलेजात जाणारी मुले घरी विचारतात, "विज्ञान म्हणते शंका घ्या, धर्म म्हणतो विश्वास ठेवा. मग आम्ही ऐकायचे कोणाचे?" हा प्रश्न दटावून गप्प करण्यासारखा नाही. ही हकीकत वाचल्यावर त्याचे उत्तर पुष्कळसे हाती येते.

आजार आणि आश्रयस्थान

मध्ययुगात फ्रान्स-जर्मनीकडील गरिबांची रोजची भाकर 'राय' नावाच्या धान्याची असे. एखाद्या थंड, ओलसर हंगामानंतर गावेच्या गावे आजारी पडत. हातापायांत निखारे ठेवल्यासारखी आग होई. बोटे काळी पडत, सुकत आणि रक्त न येता गळून पडत. कोणाला झटके येत, कोणाला भलतेसलते दिसू लागे. गर्भवतींचे गर्भ पडत. लोक याला 'पवित्र अग्नी' म्हणत. ही पापाची शिक्षा आहे, असे पुष्कळांना वाटे.

फ्रान्सच्या दोफिने प्रांतातील एका गावात संत अंतोनींचे पवित्र अवशेष होते. परंपरा सांगते की गास्तों नावाच्या सरदाराचा मुलगा या आजारातून वाचला, आणि उपकाराची फेड म्हणून बापलेकांनी सुमारे १०९५ साली तेथे रुग्णसेवा सुरू केली. त्यातून अंतोनीच्या सेवेकऱ्यांचा संघ उभा राहिला आणि युरोपभर त्यांची शेकडो रुग्णालये झाली. आजाराला 'संत अंतोनीचा अग्नी' हे नाव त्यामुळेच पडले.

रुग्णालयात काय होत असे? रोग्याला चांगल्या धान्याचा पाव आणि डुकराचे मांस मिळे. अवशेषांना स्पर्श केलेला द्राक्षारस आणि वनस्पतींचा लेप दिला जाई. सडलेला अवयव शस्त्रवैद्य कापून टाकी. प्रार्थना तर अखंड चाले. आल्सास प्रांतातील इसेनहाइमच्या रुग्णालयासाठी ग्रुनेवाल्ड या चित्रकाराने सुमारे १५१२ ते १५१६ या काळात मोठी वेदीचित्रे काढली. त्यातील क्रूसावरच्या प्रभूचे सारे अंग जखमांनी भरलेले आहे. ज्याचे अंग सडत होते त्या रोग्याने ते पाहावे आणि प्रभू आपल्यातलाच एक आहे हे ओळखावे, हा त्यामागचा भाव.

या ठिकाणी पुष्कळ रोगी खरोखर बरे होत. पण घरी परतल्यावर त्यांच्यापुढे पुन्हा तेच धान्य येई.

कारण कसे सापडले

रायच्या कणसात दाण्याच्या जागी कधीकधी लांबट, काळसर, कोंबड्याच्या नखीसारखा वाकडा दाणा येतो. तो दाणा नसून बुरशीचा घट्ट गड्डा असतो. त्याला अरगट म्हणतात. त्यातील विषाने रक्तवाहिन्या आकसतात, हातापायांच्या टोकांना रक्त पोचत नाही आणि तो भाग मरतो. लोकांना तो काळा दाणा दिसत होताच. पण कणसात असे दाणे असायचेच, अशी सर्वांची समजूत होती. १६७६ साली दनी दोदार या फ्रेंच वैद्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले की ही आग त्या काळ्या दाण्यामुळेच लागते. रुग्णसेवा सुरू होऊन तोवर सुमारे ५८० वर्षे लोटली होती. बुरशीचा पूर्ण जीवनक्रम तर १८५३ साली त्युलान या शास्त्रज्ञाने उलगडला.

म्हणजे अंतोनीच्या दारी येणारा रोगी बरा होई त्यात मोठा वाटा या गोष्टीचा होता की तेथे त्याच्या पोटात विषारी भाकर जाणे थांबे. आज अभ्यासक असेच मानतात.

मग श्रद्धा खोटी ठरली काय?

शंका घेणारा म्हणेल, "बघा, बरे केले ते पावाने. संताचा त्यात काय संबंध?" यातला पहिला भाग आपण सरळ मान्य करावा. जेथे पावाने उलगडा होतो तेथे चमत्काराचा आग्रह धरण्याची आपल्याला गरज नाही. मात्र त्यालाही एक विचारावे. जेव्हा वैद्यांना कारण ठाऊक नव्हते आणि सडत चाललेल्या माणसाला घरचेही जवळ करीत नसत, तेव्हा त्याच्या तोंडी तो पाव कोणी घातला? ज्यांनी घातला त्यांना आजारी माणसात ख्रिस्त दिसत होता. बुरशीचा शोध लागला म्हणून त्या सेवेचे मोल उणे होत नाही.

श्रद्धाळूलाही तितक्याच सरळपणे विचारले पाहिजे. त्या काळी एखाद्या सेवेकऱ्याने रोग्याच्या घरची धान्याची पोती उघडून पाहिली असती, तर तो संताचा अपमान झाला असता काय? मुळीच नाही. उलट किती हातपाय वाचले असते! 'ही देवाची शिक्षा' म्हटले की माणूस कारण शोधायचे थांबतो, आणि विष ताटात तसेच राहते. योहानच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे? प्रभू दोन्ही बाजूंचा दोष नाकारतो आणि त्याला बरे करतो. सिराखच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात आजाऱ्याने प्रार्थनाही करावी आणि वैद्यालाही बोलवावे, असा उपदेश आहे, कारण औषधेही देवानेच जमिनीतून उपजवली आहेत.

ख्रिस्तसभा स्वतःही शंका घेते. कार्डिनल लाम्बेर्तिनी, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट चौदावे, यांनी अठराव्या शतकात चमत्कार पारखण्याचे नियम लिहिले. आजार गंभीर असावा, बरे होणे एकाएकी, पूर्ण आणि टिकाऊ असावे, आणि ते औषधाने झालेले नसावे. लूर्द येथे १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. तेथे बरे झाल्याच्या ७,००० हून अधिक हकीकती नोंदल्या गेल्या. त्यांपैकी २०२५ पर्यंत ७२ च चमत्कार म्हणून मान्य झाल्या. उरलेल्या हजारो लोकांचे समाधान खोटे होते असे कोणी म्हणत नाही. पण पुरावा पुरेसा नसेल तेथे धर्माधिकारी घाई करीत नाहीत. खरा देव खऱ्या चौकशीने लहान होत नाही, हा भरवसा त्यामागे आहे.

आता आपली बाजरी

आपल्याकडे अथणी, जत, विजापूरच्या बाजूला बाजरीची भाकरी रोजची. बाजरीवरचा अरगट वेगळ्या बुरशीचा आहे. त्याने सहसा बोटे गळत नाहीत, पण मळमळ, ओकाऱ्या, चक्कर आणि फार गुंगी येते. तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी विषबाधा झाल्याचे १९५८ साली वैद्यकीय मासिकात छापून आले. १९७५ साली राजस्थानातही तसेच घडले. एका घरातील सर्वांना भाकरी खाऊन चक्कर येऊ लागली की शेजारी करणीची कुजबुज करतात, कोणी नवस बोलायला सांगतो. अशा वेळी देवाचे नाव जरूर घ्या, पण आधी धान्याचे पोते उघडून पाहा.

ओळख: फुलोऱ्याच्या वेळी आभाळ ढगाळ आणि हवा दमट असली की कणसातून मधासारखा चिकट, गुलाबीसर रस पाझरतो. पुढे त्या जागी गर्द तपकिरी ते काळे गड्डे तयार होतात. सरकारी नियमाप्रमाणे खाण्याच्या धान्यात अरगट वजनाने ०.०५ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे क्विंटलमागे फक्त ५० ग्रॅम.

उपाय:

१. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी ओता आणि ढवळा. अरगट व पोचट दाणे वर तरंगतील. ते काढून टाका.

२. तळाची बाजरी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन मीठ घालवा आणि सावलीत वाळवा. पेरणीचे बियाणे व शंका असलेले खाण्याचे धान्य, दोन्हींना हीच रीत.

३. तरंगलेला माल कोंबड्यांना किंवा गुरांना घालू नका. जाळा किंवा खोल पुरा.

४. रोगट कणसे काढून नष्ट करा, शेत खोल नांगरा, पिकाची फेरपालट करा.

५. धान्य गिरणीत नेण्यापूर्वीच पाहा. पीठ झाल्यावर अरगट निवडता येत नाही, आणि भाकरी भाजल्याने विष पूर्ण जाते असे समजू नका.

६. घरातील दोघा-तिघांना एकदम त्रास झाला तर ते धान्य खाणे थांबवा. आरोग्य केंद्रात जाताना मूठभर धान्य बरोबर न्या. घरात गर्भवती असेल तर मुळीच वेळ लावू नका.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. याच अरगटातून १९३५ साली अर्गोमेट्रीन हे औषध वेगळे काढले गेले. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी डॉक्टर ते व त्याच्या जातीचे औषध देतात. ज्या काळ्या दाण्याने पूर्वी गर्भ पडत, त्याच्यातूनच आज माता वाचतात. कोणीतरी तो दाणा हातात घेऊन "हे काय आहे?" असे विचारले म्हणून हे झाले. तसे विचारण्याची बुद्धीही देवाचीच देणगी आहे.

घरी बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या गावात कोणत्या आजाराला अजून 'शिक्षा' किंवा 'करणी' म्हटले जाते? त्याचे कारण कोणी शोधले आहे काय?

२. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना आपण त्याच्या जेवणाची, पाण्याची आणि औषधाचीही विचारपूस करतो काय?

३. मुलांनी धर्माविषयी शंका विचारली तर आपण रागावतो, की त्यांच्याबरोबर बसून विचार करतो?

या रविवारी मिस्सेनंतर ज्यांना आपली बाजरी दाखवायची असेल त्यांनी ओंजळभर दाणे घेऊन यावे. मिठाच्या पाण्याची रीत तेथेच करून पाहू.