ब्रिटनमधल्या मास्टर्सचा उन्हाळा आणि कामाचे तास

ब्रिटनला एक वर्षाच्या मास्टर्ससाठी निघालेल्या मुलांच्या घरी खर्चाचा हिशेब मांडला जातो, तेव्हा त्यात बरेचदा एक ओळ असते : 'जून ते ऑगस्ट, पूर्णवेळ काम'. व्हिसासाठी राहण्या-जेवणाचा खर्च जास्तीत जास्त 9 महिन्यांचा दाखवावा लागतो, अभ्यासक्रम मात्र 12 महिन्यांचा. उरलेले तीन महिने मूल स्वतःच्या कमाईवर निभावेल, असं घरच्यांनी धरलेलं असतं. पालकहो, ही ओळ आजच खोडा.

स्टुडंट व्हिसावर पदवी किंवा त्यापुढचं शिक्षण घेणाऱ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास आणि सुट्टीत पूर्णवेळ काम करता येतं, हे खरं. पण सुट्टी कोणाला आणि कधी, हे विद्यापीठ अभ्यासक्रमानुसार ठरवतं. बीएस्सीच्या मुलांना उन्हाळ्यात सुट्टी लागते. मास्टर्सचे वर्ग संपले तरी प्रबंध बाकी असतो आणि तो काळ सहसा सत्रातच धरतात. शेजारच्या खोलीतला बीएस्सीचा मित्र 40 तास काम करत असला, तरी तुमची मर्यादा 20 तासांचीच. नाताळ आणि ईस्टरची सुट्टी सप्टेंबरात प्रवेश घेतलेल्यांना बहुधा मिळते. जानेवारीत प्रवेश घेतलेल्यांचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. म्हणून सत्राच्या आणि सुट्टीच्या तारखा विद्यापीठाकडून लेखी घ्याच. काम देणाऱ्यालाही त्यांचा पुरावा ठेवावा लागतो.

आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. या आठवड्यात 25 तास केले आणि पुढच्या आठवड्यात 15, तर सरासरी चालत नाही. पहिल्याच आठवड्यात नियम मोडलेला असतो. दोन ठिकाणी काम असेल तर तासांची बेरीज होते. फ्रीलान्स काम तर सुट्टीतही करता येत नाही. मित्राच्या खात्यावरून डिलिव्हरीची कामं करणं हा त्यातला सर्वांत धोकादायक प्रकार, आणि मुलं तो भाबडेपणाने करतात. पकडलं गेल्यास व्हिसा रद्द होऊ शकतो, पुढचे अर्जही अडतात. लाखोंचं कर्ज डोक्यावर असताना हा धोका पत्करू नका.

अभ्यासक्रमाची अधिकृत तारीख संपली, की व्हिसा असेपर्यंत पूर्णवेळ काम करता येतं. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला त्यापुढे सहसा चार महिन्यांचा व्हिसा असतो. कमाई धरायचीच असेल तर ती तिथून धरा. बँकेकडे कर्ज मागताना राहण्याचा खर्च पूर्ण 12 महिन्यांचा मांडा.