शेजारच्या सीटवरची मान

१ मे १९५५. इटलीतल्या ब्रेशिया गावातून सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी एक चंदेरी मर्सिडीज सुटली. चाकामागे स्टर्लिंग मॉस, शेजारी दाढीवाला पत्रकार डेनिस जेन्किन्सन. मिल्ले मिल्या नावाची ती सुमारे १६०० किलोमीटरची शर्यत दोघांनी १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत जिंकली. कौतुक झालं ते बहुतेक मॉसचं. डॉक्टरच्या नजरेला मात्र शेजारचा माणूस जास्त खुणावतो. वाटेत जेन्किन्सनला उलटी झाली, त्यासाठी तोंड गाडीबाहेर काढलं आणि वाऱ्याने डोळ्यांवरचा चष्मा उडवून नेला. खिशात दुसरा होता म्हणून निभावलं. हा काही नवखा गडी नव्हता. १९४९ साली साइडकार मोटरसायकलच्या जागतिक अजिंक्यपदात शेजारचा साथीदार म्हणून तो विजेता ठरला होता. अशा माणसालाही गाडी लागली.

इंदूरकरांनी हे वाचण्याचं कारण गावाच्या उशाशीच आहे. धार जिल्ह्यात पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनचाचणीचं केंद्र आहे. जून २०२१ मध्ये तिथल्या ११.३ किलोमीटरच्या अतिवेगवान ट्रॅकचं उद्घाटन झालं आणि आशियातला सर्वांत लांब ट्रॅक म्हणून त्याचं नाव झालं. त्याच्याही आधीपासून, २००७ सालापासून, देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची पोरं ‘बाहा’ स्पर्धेसाठी पीथमपूरला येत आली आहेत. स्वतः वेल्डिंग करून बांधलेल्या, एकाच माणसाच्या, सांगाड्यासारख्या गाड्या घेऊन. वेगाचा शौक तर या शहराला त्याहून जुना. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्गवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून खास बॉडी चढवून घेतली होती. पण ती दोन टनांहून जड राजेशाही गाडी. तिच्यात बसणाऱ्याच्या मानेला फारसं काही होण्यासारखं नव्हतं.

नॅट्रॅक्स हे चाचणीचं केंद्र, जत्रेतला आकाशपाळणा नव्हे. मनात आलं म्हणून तिथे जाऊन चक्कर मारता येत नाही. हौशी मंडळी कोइंबतूरचा कारी स्पीडवे, चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक किंवा ग्रेटर नोएडाचं ५.१२५ किलोमीटरचं बुद्ध सर्किट गाठतात. कुणाचा भाचा रेसिंग शिकतो, कुणाला कंपनीतर्फे बोलावणं येतं, कुणाला वाढदिवसाला हलक्या रेसिंग गाडीत शेजारी बसून मारायची फेरी भेट मिळते. मग दवाखान्यात, उठता उठता, विचारलं जातं : ‘डॉक्टर, मला चालेल ना?’

बहुतेकांना चालतं. ज्यांना चालत नाही त्यांची यादी पुढे आहे, पण त्याआधी शरीरात काय घडतं ते समजून घ्यायला हवं. कारण लोक घाबरतात वेगाला, आणि वेग बिचारा निरुपद्रवी असतो. ताशी ८०० किलोमीटरने जाणाऱ्या विमानात माणूस चहा पितो. शरीराला सोसावा लागतो तो वेगातला बदल. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी हे स्वतःवर करून पाहिलं. १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीत बसून ते ताशी १००० किलोमीटरच्या पुढे गेले आणि १.४ सेकंदांत थांबले. गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट धक्का बसला, डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या, काही काळ दिसेनासं झालं. पुढे नजर परत आली आणि हे गृहस्थ ८९ वर्षं जगले. गाडीतल्या सीटबेल्टसाठी आयुष्यभर भांडले, हे त्यांचं खरं काम.

नॅट्रॅक्सची वळणं आतल्या बाजूला अशी कललेली आहेत, की ताशी २५० किलोमीटरला गाडी बाजूला ओढलीच जात नाही. बसणारा फक्त सीटमध्ये खाली दाबला जातो. पाचशे-सहाशे किलोच्या हलक्या गाडीचं दुखणं वेगळं. कॅटरहॅम, एरियल ॲटम यांसारख्या या गाड्यांचं बळ सरळ रस्त्यावरच्या वेगापेक्षा ब्रेक मारण्यात आणि सपाट, अरुंद वळणं घेण्यात दिसतं. वजन कमी, म्हणून ब्रेक उशिरा, वळण जोरात. शहरात सभ्यपणे ब्रेक लावला तर गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम एक-तृतीयांश धक्का बसतो. ट्रॅकवर तो पूर्ण एक पट सहज होतो, रेसिंगचे टायर असले की दीड पटही.

आता हिशेब मानेचा. मोठ्या माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं, वर दीड किलोचं हेल्मेट. म्हणजे वळणावर साडेसहा ते दहा किलोची पिशवी मानेला आडवी लटकते. आधी डावीकडे, चार सेकंदांनी उजवीकडे, मग ब्रेकबरोबर पुढे. एका फेरीत दहा-बारा वळणं धरली, फेऱ्या पाच धरल्या, तरी मानेला पन्नास-साठ वेळा हा भार पेलायचा आहे. चालवणाऱ्याला स्टिअरिंगचा आधार असतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असतं. वळण येण्याच्या क्षणभर आधी त्याच्या मानेचे स्नायू आवळलेले असतात. शेजारच्याला कळतं तेव्हा डोकं निघून गेलेलं असतं.

मळमळीचं मूळही इथेच आहे. अंतर्कर्णात वळण मोजणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, ओढ आणि कल मोजणारे बारीक खडे असतात. कान एक सांगतो, डोळे दुसरं, आणि मेंदूचा अंदाज तिसरा. हा मेळ बसला नाही की पोट ढवळतं. म्हणून ज्याला घाटात बस लागते तोच माणूस गाडी स्वतः चालवताना ठणठणीत असतो. जेन्किन्सनकडे रस्त्याच्या खाणाखुणांची साडेपाच मीटर लांब गुंडाळी होती आणि तो मॉसला हाताने इशारे करत होता. पुढचं वळण त्याला पाठ होतं. पण ते वाचायला नजर खाली लागायची, शिवाय इंजिनाची धग आणि धुराचा वास. आजच्या प्रवाशाच्या हातात गुंडाळी नसते, मोबाइल असतो. पडद्यात बघत चित्रीकरण करणं हा उलटीचा सर्वांत खात्रीचा मार्ग. कॅमेरा लावायचाच तर गाडीला लावावा, तोही ट्रॅकवाल्यांना विचारून. नजर दूर, गाडी जिकडे वळणार त्या टोकावर ठेवावी आणि वळताना डोकंही किंचित तिकडेच झुकवावं. शक्य असेल तर पहिली फेरी सावकाश मारायला सांगावी. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. ती फेरी म्हणजे मेंदूने केलेला गृहपाठ.

खाण्याचं काय? इंदूरच्या माणसाला हा प्रश्न टाळून पुढे जाऊ देता येत नाही. छप्पन दुकानवरचे शेव-जिरावन घातलेले पोहे, वर जिलबी, त्यावर चहा, आणि अर्ध्या तासात हेल्मेट : हे जमायचं नाही. रिकाम्या पोटीही जाऊ नये, त्यानेही मळमळतं. दोन तास आधी पोळी, केळं, इडली असलं हलकं काही घ्यावं, तळलेलं टाळावं. आदल्या रात्री सराफ्यातला फेरफटका आवरता घ्यावा. दारू तर आदल्या रात्रीचीही नको, तिने अंतर्कर्णाचा तोल बिघडतो. आल्याचा तुकडा चघळून काहींना बरं वाटतं, पण गाडीत बसण्याआधी तोंड रिकामं हवं. च्युइंगगम, सुपारी, निघणारी कवळी, सगळं बाहेर.

गाडी लागू नये म्हणून मिळणाऱ्या गोळ्या काम करतात, पण मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. त्या आधीच घ्याव्या लागतात. त्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं. काचबिंदू किंवा वाढलेलं प्रोस्टेट असणाऱ्यांनी त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि गोळी घेतलेल्याने त्या दिवशी परतताना गाडी चालवू नये.

आता ती यादी. गरोदर स्त्रीने बसू नये, कितव्याही महिन्यात. धक्क्याने वार सुटण्याचा धोका आहे आणि पोटावरून जाणाऱ्या पट्ट्यांचा वेगळाच. हृदयविकाराचा झटका, नवा स्टेंट, आटोक्यात नसलेला रक्तदाब, ठोक्यांची अनियमितता असणाऱ्यांनी हृदयरोगतज्ज्ञाची परवानगी घ्यावी. व्यायाम न करताही नाडी दीडशेपर्यंत जाऊ शकते, हे काम ॲड्रेनलिनचं. पेसमेकर बहुधा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली असतो. खांद्याचा पट्टा नेमका तिथे रुततो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, अपस्माराचे रुग्ण, ताजी शस्त्रक्रिया झालेले, हाडं ठिसूळ झालेले, यांनी बाहेरून टाळ्या वाजवाव्यात. मोठा मायनस नंबर असेल किंवा डोळ्याचा पडदा पूर्वी सुटला असेल तर नेत्रतज्ज्ञाला आधी डोळे दाखवावेत.

‘मणक्यात गॅप आहे’ म्हणणारे दर घरात एक तरी असतात. नुसती अधूनमधून दुखणारी मान हा अडथळा मानायचं कारण नाही. पण हातात मुंग्या येत असतील, बोटांतून वस्तू निसटत असतील, तर नकार स्पष्ट आहे. संधिवाताच्या (आमवाताच्या) जुन्या रुग्णांत मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. त्यांनाही नाही. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींसाठी एक फसवी गोष्ट : साखर खाली गेली की घाम, धडधड, थरथर होते, आणि थरारातही नेमकं हेच होतं. साखर मोजून बसावं.

या गाड्यांतला पट्टा बहुधा सहा टोकांचा असतो. कमरेचा भाग पोटावर नको, खाली ओटीपोटाच्या हाडावर घट्ट बसायला हवा, आणि तो खांद्याच्या पट्ट्यांच्या आधी आवळायचा. हात छातीवर, पट्ट्यांना धरून. उघड्या गाडीतून हात बाहेर काढून दाखवण्याची हौस कोपराला महागात पडते. हेल्मेट पूर्ण तोंडाचं, काच खाली केलेली, कारण पुढच्या गाडीच्या टायरखालचे खडे थेट येतात. मानेला आधार देणारं हॅन्स नावाचं उपकरण मिळत असेल तर नाही म्हणू नये. बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेव्हणे, रेसर जिम डाउनिंग, यांनी ते १९८०च्या दशकात बनवलं. सुरुवातीला रेसरच त्याला नाकं मुरडायचे. २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत अमेरिकन रेसर डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाचं हाड मोडून गेला, त्यानंतर अमेरिकेतल्या मोठ्या शर्यतींत मानेला असा आधार सक्तीचा झाला. २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये हॅन्सच सक्तीचं झालं.

ओढणी आणि मोकळे केस यांबद्दल ट्रॅकवाल्यांनी कडक असावं, आणि नसतील तर घरच्यांनी व्हावं. नर्तिका इसाडोरा डंकन १९२७ साली नीस शहरात एका हलक्या उघड्या ॲमिल्कार गाडीत प्रवासी म्हणून बसली होती. गळ्यातला लांब स्कार्फ मागच्या चाकात गुंतला आणि ती जागीच गेली. फार जुनी गोष्ट वाटत असेल तर २०१८ साली हरियाणातल्या पिंजोरला गो-कार्टच्या चाकात केस अडकून एका तरुणीचा जीव गेला. इंदुरात स्कूटरवर निघणाऱ्या मुली चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात, ती सवय ट्रॅकच्या दारातच सोडायची. केस वेणी घालून आत खोचायचे.

उतरल्यावर दहा मिनिटं बसावं, पाणी प्यावं. उन्हाळ्यात जाड अंगरखा आणि हेल्मेट घालून थांबलेल्या माणसाला ट्रॅकपेक्षा उष्णताच आधी गाठते. परतीच्या वाटेवर, पीथमपूरहून राऊकडे येताना म्हणा, ताशी ८० हा वेग बैलगाडीसारखा वाटतो. मेंदू अजून जुन्याच मापाने मोजत असतो. तास-दोन तास चाक दुसऱ्याच्या हाती द्यावं.

मान दुखायला लागते ती बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी. शेक, साधी वेदनाशामक गोळी आणि मान हलती ठेवणं एवढं पुरतं, तीन-चार दिवसांत उतरते. पलंगावर कूस बदलताना खोली गरगरली तर घाबरू नये. अंतर्कर्णातले खडे जागचे हलले असावेत आणि ते डोक्याच्या ठरावीक हालचालींनी डॉक्टर जागेवर बसवतात. पण मानेच्या एकाच बाजूला कधी न झालेली तीव्र कळ, एक पापणी खाली येणं, बोलताना जीभ अडखळणं, हातापायात अशक्तपणा, डोळ्यापुढे वीज चमकणं किंवा पडदा ओढल्यासारखं होणं, छातीत दुखणं : यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करावा. मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीचं अस्तर अशा झटक्यांनी फाटू शकतं. रोलरकोस्टरनंतर तसं झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. प्रकार दुर्मीळ, पण वेळेत पोचलेल्याचा अर्धांग टळू शकतो.

आणि सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून देण्याची जी सेवा फुकट मिळते, ती त्या आठवड्यात तरी घेऊ नये. खरं तर कधीच घेऊ नये, पण त्या आठवड्यात मुळीच नाही.