विवाहनोंद आणि वंशावळ
वाचावे : एज्रा २:६१-६२; मत्तय १:१-१६

बंदिवासातून परतलेल्या काही याजकांना वंशावळीत आपली नावे सापडली नाहीत. त्यांना याजकपद नाकारण्यात आले. म्हैसूरसारख्या दूरच्या शहरी वसलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनाही पूर्वजांचा माग हवा असतो. तेथे मूळ मंडळीची विवाहवही साहाय्य करते. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याच्या नमुन्यात वधूवरांचे वय, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण व पित्याचे नाव असते. म्हणून आजोबांची नोंद पणजोबांपर्यंत पोहोचविते. आईच्या नावाला मात्र त्यात रकाना नाही. मत्तयाने तामार, राहाब व रूथ यांना वगळले नाही. प्रियजनहो, आजी-पणजींची नावे वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा. तारण वंशावळीने मिळत नाही. परंतु पिढ्यानपिढ्यांवरील देवाच्या कृपेची साक्ष तीत असते.