पिळाचे माप

वडिलांनी सुताराला ओसरीवर बसवून घडवून घेतलेले, आणि पुढे तीन बिऱ्हाडे पाहूनही ज्याचा एकही सांधा ढिला पडला नव्हता, असे एक सागवानी कपाट आमच्या घरात आहे. गेल्या पावसाळ्यानंतर त्याच्या डाव्या दाराची खालची बिजागरी सैल झाली. ती पक्की करताना, हाताशी विजेरी यंत्र असल्याच्या भरवशावर मी जी घाई केली तिच्यापायी नवा पितळी स्क्रू मोडला. डोके तुटून फरशीवर पडले, देठ लाकडातच रुतून राहिला आणि उभ्या पट्टीला चार बोटे लांबीची चीर गेली. पैशात मोजले तर हे नुकसान किरकोळच. परंतु त्या पट्टीवर वडिलांचा हात रोज पडत असे, आणि चीर पाहताना मला जे वाटले ते किरकोळ नव्हते. घरकामासाठी लहानसा बिनवायरचा स्क्रूड्रायव्हर घेऊ पाहणाऱ्यांच्या वाट्याला असा प्रसंग येऊ नये, एवढ्यासाठी ही हकीकत तपशीलवार लिहितो आहे.

या मोडतोडीचे मूळ त्याआधीच्या खरेदीत होते. साठी ओलांडल्यावर माझ्या उजव्या मनगटाला संधिवाताने ग्रासले. डिसमिस (आमच्या लहानपणी स्क्रूड्रायव्हरला हाच शब्द होता) चार वेळा पिळले की अंगठ्याच्या मुळाशी कळ येई. म्हणून बाजारातून एक विजेरी स्क्रूड्रायव्हर आणला. पेटीत ४५ बिटे ओळीने मांडलेली होती, वेष्टनावर मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा आकडा ठळक छापलेला होता, आणि पिळाचा, म्हणजे ज्याला टॉर्क म्हणतात त्याचा, उल्लेख कोठेही नव्हता. सरकारी दफ्तरात खरेदीची प्रकरणे हाताळताना, आधी गरजेचा खुलासा आणि मग जिन्नस, हा जाबता मी वर्षानुवर्षे पाळला होता. तो घरी मात्र पाळला नाही. ते यंत्र हवेत सुरेख फिरे, परंतु स्क्रूचे शेवटचे दोन आटे उरले की जागच्या जागी कण्हत थांबे, आणि उरलेले काम पुन्हा त्याच दुखऱ्या मनगटाला करावे लागे.

फेऱ्यांचा आकडा मोठा म्हणजे यंत्र चांगले, हा समज किती फसवा आहे ते साध्या हिशेबाने कळते. दीड इंची, आठ नंबरचा लाकडी स्क्रू पुरता आत जायला वीस-बावीस फेरे लागतात. मिनिटाला २०० फेरे देणारे यंत्रदेखील एवढे काम दहा सेकंदांच्या आत उरकते. घरात कोणालाही त्याहून घाई नसते. खरा प्रश्न असतो तो शेवटच्या दोन फेऱ्यांचा, जेथे लाकूड स्क्रूला आवळून धरते आणि गती नव्हे, पीळ लागतो.

ही गोष्ट मला उशिरा उमगली, आणि उमगल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. १८ व्होल्टचे, १३ मिलिमीटरचा चक असलेले, ५० न्यूटन-मीटर पिळाचे ड्रिल मशीन घेतले. एक न्यूटन-मीटर म्हणजे मीटरभर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सुमारे शंभर ग्रॅम वजन टांगल्यावर पडणारा पीळ; ५० म्हणजे त्याच टोकाला पाच किलोंचे वजन. धडधाकट माणसाने जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर कितीही आवेशाने फिरवला तरी त्याच्या मनगटातून यातले मोजकेच न्यूटन-मीटर उतरतात. पितळ तर मऊ धातू. जुन्या भोकातला आटा झिजला म्हणून मी जुन्या सहा नंबरच्या जागी आठ नंबरचा स्क्रू घेतला होता आणि भोक मोठे न करताच तो दडपला. मूठ अंगठ्याखाली गरम लागत होती, स्क्रूचे डोके बिजागरीच्या पोकळीत टेकलेले मला दिसले, बोट चापावरून उचलायचे हेही सुचले. पण सुचणे आणि उचलणे यांच्यामधल्या निमिषात यंत्र अर्धा फेरा पुढे गेले होते. मोडण्याचा आवाज अगदी बारीक होता, वाळलेली काडी मोडावी तसा.

दुरुस्तीला आलेले मिस्त्री वयाने माझ्याहून मोठे. त्यांनी तुटलेल्या देठाभोवतीचे लाकूड कोरून तो काढला, सागाचीच खुंटी सरस लावून ठोकली, चिरेत सरस भरून पट्टी रात्रभर शिकंजात आवळून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी खुंटीत बारीक भोक पाडून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण लावून आत घातला, बाहेर काढला, आणि मग त्या तयार आट्यातून पितळी स्क्रू हाताने बसवला. "साहेब, पितळेला वाट करून द्यावी लागते, त्याला वाट काढायला सांगायचं नसतं," असे ते म्हणाले. सागासारख्या कठीण लाकडात सहा नंबरला साधारण अडीच आणि आठ नंबरला तीन मिलिमीटरचे भोक आधी पाडावे, हे मापही त्यांनीच सांगितले. हे भोक पाडले की लहान यंत्रालाही काम झेपते, आणि न पाडले तर मोठे यंत्र घातच करते.

त्यानंतर मी जे यंत्र घेतले ते आजतागायत वापरतो. ३.६ व्होल्टची एकच लिथियम-आयन बॅटरी, वजन अर्ध्या किलोच्या आत, पीळ ५ न्यूटन-मीटर. बिजागऱ्या, कोयंडे, खणांच्या मुठी, पडद्यांचे ब्रॅकेट, खुर्चीचे ढिले पाय, एवढा संसार त्यात भागतो. परंतु दुकानात गेल्यावर सर्वांत आधी पाहावे ते क्लचचे कडे. यंत्राच्या तोंडाशी आकडे कोरलेले हे कडे जितक्या आकड्यावर ठेवावे तितकाच पीळ पुढे जातो, आणि ती मर्यादा आली की आत टक्-टक् आवाज होऊन टोक फिरायचे थांबते. माझ्या हातून निसटलेले निमिष नेमके येथे सांभाळले जाते. आवाक्यातल्या कित्येक लहान यंत्रांत हे कडे नसते; तसे यंत्र स्वस्त मिळाले तरी मी कोणाला घ्या म्हणणार नाही. कडे नेहमी सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवून सुरुवात करावी आणि स्क्रू अपुरा राहिला तरच एकेक आकडा चढवावा. यंत्र बंद असताना त्याचा दांडा आपोआप जखडला जातो की नाही, हेही दुकानातच हाताने पिळून पाहावे. जखडला जात असेल तर शेवटचा पाव फेरा त्याच यंत्राने, पण हाताच्या अदमासाने देता येतो.

बिटांची संख्या हा तर निव्वळ देखावा आहे. घरात पाच-सहा बिटेच लागतात. ती चांगल्या पोलादाची असावीत आणि त्यांचा षटकोनी दांडा ६.३५ मिलिमीटरचा, म्हणजे पाव इंचाचा असावा, म्हणजे झिजल्यावर कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात जोड मिळते. ज्याला आपण सरसकट 'स्टार' म्हणतो तो अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू अमेरिकेतील हेन्री फिलिप्स यांच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या खाचेच्या भिंती उतरत्या असल्यामुळे पीळ वाढला की बिट वर सरकते आणि खाच कुरतडते. म्हणून यंत्र दाबून, स्क्रूच्या रेषेत सरळ धरावे. कारखान्यात घडवलेल्या फर्निचरमध्ये मात्र पुष्कळदा खाचेच्या चार हातांमध्ये आणखी चार बारीक रेषा दिसतात. ते पोझिड्राइव्ह, त्याचे बिट वेगळे, त्यावर 'पीझेड २' असे कोरलेले असते. फिलिप्सचे 'पीएच २' तेथे वापरले की थोडे हलते, आणि जे हलते ते खाच खाते.

बॅटरी पूर्ण उतरवून महिनोन्महिने कपाटात टाकू नये. निम्मी भरून, उन्हापासून दूर ठेवावी. चार्जिंग यूएसबी-सीचे असल्यास उत्तम, यंत्राचा चार्जर गमावला तरी मोबाइलच्या चार्जरवर भागते. परदेशातून कोणी यंत्र आणले तर चार्जरवरचा मजकूर वाचल्याशिवाय ते प्लगला लावू नये: '१००–२४०' असे असेल तर ठीक; नुसते '१२०' असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळतो. येथे घेताना बॅटरीवर किंवा चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे का, तेवढे पाहावे.

भिंतीला भोक पाडणे हे या यंत्राचे काम नव्हे. काँक्रीटला ठोके देणारे हॅमर ड्रिल लागते आणि ते वर्षातून दोनदा भाड्याने किंवा उसने आणलेले बरे. विजेच्या बोर्डाची पट्टी काढताना मुख्य स्विच बंद करण्यात कसूर करू नये; या यंत्राची प्लॅस्टिकची मूठ म्हणजे विजेपासून बचाव नव्हे, आणि तशी हमी देणारे खास हत्यार वेगळे असते. पट्टीचे स्क्रू बसवताना कडे पहिल्याच आकड्यावर ठेवावे, नाहीतर पट्टी तडकते.

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावर नव्याने संसार थाटलेली मुलगी विचारायला आली. "काका, कुठलं मशीन घेऊ?" मी तिला म्हटले, आधी घरातल्या ढिल्या झालेल्या प्रत्येक जागेचा एकेक स्क्रू घेऊन ये. ती संध्याकाळी वाटीत सात स्क्रू घेऊन आली. वर्तमानपत्र पसरून आम्ही ते वेगळे केले: तीन पोझिड्राइव्ह, दोन फिलिप्स, एक एका खाचेचा लोखंडी, आणि त्यांतला सर्वांत लांब सव्वा इंचाचा. पाच न्यूटन-मीटर तिला पुरेसे आहेत, असे मी कागदावर लिहून दिले, आणि त्याखाली क्लचचे कडे, दोन-दोन जादा बिटे आणि अडीच मिलिमीटरचे एक ड्रिल. वाटीत तळाशी राहिलेला सातवा स्क्रू तिच्या आजीच्या देव्हाऱ्याचा होता, पितळी. तो मी बाजूला ठेवला, आणि त्याच्यासाठी माझे जुने डिसमिस मेणाच्या तुकड्यासह तिच्या हाती दिले.