आंत्रस्थ जीवाणू आणि अतिसारचिकित्सा : एक अभ्यास

प्रास्ताविक

वर्षा ऋतूच्या आरंभी परभणी जिल्ह्यात अतिसार व प्रवाहिकेचे रुग्ण वाढतात, हा आपणा सर्वांचा दरवर्षीचा अनुभव आहे. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या काठची गावे असोत किंवा विहीर, बोअर आणि टँकर यांवर उन्हाळा काढणारी गावे असोत, पहिल्या पावसाचे गढूळ पाणी पिण्याच्या साठ्यात मिसळले की दुष्टी सुरू होते. ऋतुस्वभावाने अग्नी मंद झालेलाच असतो. अशा वेळी रुग्ण वैद्याकडे येण्यापूर्वी बहुधा औषधांच्या दुकानात जातो आणि ‘जुलाब बंद होण्याची गोळी’ मागतो. त्याला प्रतिजैविकांची जोडगोळी आणि आतड्याची गती थांबविणारी गोळी मिळते. मलप्रवृत्ती थांबते व रुग्ण समाधान पावतो. परंतु त्याच्या पक्वाशयात नित्य वास करणाऱ्या जीवाणूंचे काय झाले, याचा विचार कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तो विचार ग्रंथोक्त सिद्धान्त व अलीकडील संशोधन यांच्या आधारे मांडीत आहोत. अतिसारात ‘कशाचा नाश करावा’ या प्रश्नाइतकाच ‘कशाचे रक्षण करावे’ हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, हे या लेखाचे प्रतिपाद्य होय.

सहज कृमींची संकल्पना

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात वीस प्रकारचे कृमी सांगितले आहेत. ते सांगताना त्यांनी ‘सहज’ कृमींना या गणनेतून वगळले आहे. शरीराबरोबरच असणारे हे कृमी विकार निर्माण करीत नाहीत, असे स्पष्टीकरण टीकाकार चक्रपाणिदत्तांनी केले आहे. चरकाचार्यांना आजच्या अर्थाने जीवाणू दिसले होते, असा दावा आम्ही करीत नाही. तसा दावा शास्त्राला उपकारक नाही. मात्र शरीरातील प्रत्येक सूक्ष्म जीव शत्रू नव्हे, त्यांत वैकारिक व अवैकारिक असा भेद करावा लागतो, ही दृष्टी आपल्या शास्त्रात होती, एवढे निश्चित. कृमिचिकित्सेतही अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन अशी तीन अंगे सांगितली आहेत. बाहेर काढणे हे त्यांपैकी केवळ एक अंग आहे. कृमींना अनुकूल झालेली परिस्थिती पालटणे आणि मूळ हेतू टाळणे ही उरलेली दोन अंगे तितकीच मोलाची आहेत.

आंत्रस्थ जीवाणूंचे कार्य

मनुष्याच्या शरीरात पेशींच्या दहापट जीवाणू असतात, असे अनेक वर्षे सांगितले जात असे. २०१६ साली सेंडर, फुक्स व मिलो या संशोधकांनी हे गणित नव्याने मांडले. सत्तर किलो वजनाच्या पुरुषात सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, म्हणजे दोन्हींची संख्या जवळपास सारखीच भरते. या सर्व जीवाणूंचे वजन सुमारे २०० ग्रॅम होते आणि त्यांतील बहुसंख्य बृहदंत्रात, म्हणजे पक्वाशयात असतात.

आपल्या पाचक रसांनी न पचलेला तंतुमय अंश पक्वाशयात पोहोचला की हे जीवाणू त्याचे किण्वन करतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लघुशृंखल मेदाम्ले तयार होतात. बृहदंत्राच्या अंतःस्तरातील पेशींचे मुख्य पोषण ब्युटिरेटवर होते. काही जीवाणू ‘के’ व ‘बी’ गटातील जीवनसत्त्वेही तयार करतात. मातेच्या दुधात काही शर्करा अशा आहेत की त्या अर्भकाला स्वतःला पचत नाहीत. त्या त्याच्या आतड्यातील बिफिडोबॅक्टेरियाचे अन्न ठरतात. पहिले सहा महिने केवळ स्तन्यपानाचा आग्रह का धरावा, याचे हे एक सबळ कारण आहे.

या बाबतीत महाराष्ट्रातही महत्त्वाचे काम झाले आहे. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीय व्यक्तींच्या आतड्यात प्रिव्होटेला व मेगास्फेरा या जीवाणूंचे आधिक्य आढळले. धान्य व तंतू यांचे प्रमाण अधिक असलेल्या आहाराशी प्रिव्होटेलाचा संबंध जोडला जातो. पुढे २०१८ साली पश्चिम भारतातील ग्रामीण समूहातील निरोगी स्त्रीपुरुषांवर प्रकृतिपरीक्षणासह झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या आतड्यातील बराचसा जीवाणूसमूह समान असला, तरी वात, पित्त व कफ प्रकृतींनुसार काही भेद त्यात दिसले. हे संशोधन प्रारंभिक अवस्थेत आहे, तरी वैद्यांनी त्याची नोंद घ्यावी.

संसर्गास प्रतिबंध

निरोगी आतड्यात जागा व अन्न या दोहोंवर मूळच्या जीवाणूंचा ताबा असतो. ते आम्लता टिकवून धरतात आणि पित्तातील अम्लांचे अशा रूपांत परिवर्तन करतात की त्यात काही रोगजंतूंची वाढ खुंटते. बाहेरून आलेल्या जंतूला त्यामुळे सहज ठाव मिळत नाही. या संरक्षणाचा प्रभाव किती मोठा आहे, हे १९५० च्या दशकात बोनहॉफ व मिलर यांच्या उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. निरोगी उंदरांत साल्मोनेलाचा संसर्ग घडविण्यास सुमारे एक लाख जंतू लागत. स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या उंदरांत त्यासाठी दहाहून कमी जंतू पुरले. क्षेत्राचे बल नष्ट झाले की अल्प बीजही रुजते, या आपल्या सिद्धान्ताचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

मनुष्यांविषयीची माहितीही विचार करावयास लावणारी आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन निरोगी व्यक्तींना सिप्रोफ्लॉक्सासिन देण्यात आले. त्यांच्या आतड्यातील सुमारे एकतृतीयांश जीवाणूप्रकारांच्या प्रमाणावर त्याचा परिणाम झाला. चार आठवड्यांत बरीचशी घडी पुन्हा बसली; परंतु काही प्रकार सहा महिन्यांनंतरही परतले नाहीत. प्रतिजैविकांनंतर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूमुळे होणारा अतिसार तर सुपरिचित आहे. वारंवार उलटणाऱ्या अशा रोगात निरोगी व्यक्तीच्या मलातील जीवाणूसमूह रुग्णाच्या आतड्यात सोडल्याने प्रतिजैविकापेक्षा अधिक चांगला गुण येतो, हे २०१३ साली नेदरलँड्समधील चाचणीत सिद्ध झाले.

अतिसार थांबल्यानंतरही अग्नी मंद असता अपथ्य सेवन करणाऱ्यास ग्रहणीविकार होतो, हे सुश्रुताचार्यांचे सांगणे आपण सर्व जाणतो. आंत्रसंसर्गानंतर सुमारे दहांपैकी एका रुग्णास पुढे अनियमित मलप्रवृत्ती, उदरशूल व आध्मान यांचा दीर्घकाळ त्रास होतो, हे आधुनिक निरीक्षण त्याच्याशी जुळते. म्हणून जुलाब थांबले की चिकित्सा संपली, असे मानू नये.

बेलफळाचा धडा

बिल्व हे सांग्राहिक, दीपनीय व वातकफप्रशमन द्रव्यांत श्रेष्ठ सांगितले आहे. आपल्या गावोगावच्या महादेव मंदिरांजवळ बेलाचे झाड असतेच. डॉ. नोशीर अंतिया यांनी स्थापन केलेल्या मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत डॉ. तन्नाझ बिर्डी व सहकाऱ्यांनी कच्च्या बेलफळाच्या मगजाच्या काढ्याचा अभ्यास केला व तो २००९ साली प्रसिद्ध झाला. काढ्याने जंतू मरतात काय, हे प्रथम पाहण्यात आले. तपासलेल्या सहा जीवाणूंपैकी एकाच्याही जगण्यावर काढ्याचा परिणाम झाला नाही. केवळ ‘जंतुनाशक’ या कसोटीवर बेलफळ तेथेच अनुत्तीर्ण ठरले असते. परंतु संशोधकांनी पुढे पाहिले. काढ्यामुळे जीवाणूंचे पेशींना चिकटणे व पेशींत शिरणे लक्षणीयरीत्या कमी झाले. पटकीच्या विषाची निर्मिती व त्याचे पेशींवर बसणे यांतही अडथळा आला. जिआर्डिया व रोटाव्हायरस यांवर मात्र काढ्याची घातक क्रिया दिसली.

हे प्रयोग प्रयोगशाळेतील पेशींवर झालेले आहेत; रुग्णांवरील परिणाम त्यावरून थेट ठरविता येत नाही. तथापि औषधाने जंतू न मारताही त्याचे उपद्रवसामर्थ्य हरण करता येते, ही दिशा त्यातून मिळते. प्रकृतिविघाताचा अर्थ समजावून सांगण्यास विद्यार्थ्यांपुढे हे उदाहरण अवश्य ठेवावे.

चिकित्साक्रम

१. जलक्षय रोखणे हे सर्वप्रथम कर्तव्य होय. बालकाचा मृत्यू बहुधा शुष्कतेने होतो. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांसाठी बनगाव येथे असलेल्या शिबिरात डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोजचे द्रावण तोंडाने देऊन असंख्य प्राण वाचविले. सध्याच्या प्रमाणित द्रावणात एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. पाकीट न मिळाल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. तांदळाची पेया व लाजमंड हे आपले ग्रंथोक्त उपाय याच्या जोडीने द्यावेत. स्तन्यपान बंद करू नये.

२. बालकांना जस्ताची मात्रा द्यावी. सहा महिन्यांखालील बालकास रोज १० मिलिग्रॅम व त्यापुढे २० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली केली होती.

३. आमावस्थेत प्रारंभीच स्तंभन करू नये, हा चरकोक्त नियम कटाक्षाने पाळावा. दूषित मल कोंडल्याने उपद्रव वाढतात. रक्तयुक्त प्रवाहिकेत आतड्याची गती थांबविणारे लोपेरामाइड टाळावे आणि दोन वर्षांखालील बालकास ते मुळीच देऊ नये, हा आधुनिक दंडकही हेच सांगतो. प्रथम धान्यपंचकासारख्या योगाने आमपाचन करावे. मुस्ता ही सांग्राहिक असून दीपन व पाचनही करते, म्हणून या अवस्थेत विशेष उपयुक्त आहे. निरामावस्थेत कुटज व बिल्व यांचा विचार करावा.

४. मलातून रक्त, तीव्र ज्वर, सतत उलटी, डोळे खोल जाणे, सहा तास मूत्रप्रवृत्ती नसणे, ग्लानी, तांदळाच्या धुवणासारखे विपुल जुलाब किंवा तान्हे बालक, यांपैकी काहीही असल्यास रुग्णास विनाविलंब ग्रामीण, उपजिल्हा वा जिल्हा रुग्णालयात पाठवावे. अशा काही रुग्णांना प्रतिजैविक व शिरेतून द्रव यांची खरी गरज असते. जीवाणूंच्या रक्षणाच्या नावाखाली आवश्यक प्रतिजैविक नाकारणे हा अनर्थ होय. आमचा आक्षेप अनावश्यक वापरास आहे, औषधास नाही.

तक्र, ज्वारी व प्रोबायोटिक

ग्रहणीदोषात तक्र हे दीपन, ग्राही व लघु असल्याने प्रशस्त मानले आहे. अर्शचिकित्सेत त्याचा प्रयोग सात दिवसांपासून महिन्यापर्यंत करून क्रमाक्रमाने कमी करण्यास सांगितले आहे. विरजणातील जीवाणू दुधातील शर्करेचे अंशतः पचन करतात. त्यामुळे दूध न सोसणाऱ्यासही ताक सोसते. मात्र हे जीवाणू बहुधा आतड्यात कायमचे वसत नाहीत, म्हणून तक्राचा प्रयोग नित्य व सलग असावा. कढी उकळली की त्यातील जिवंत जीवाणू नष्ट होतात, हेही रुग्णास सांगावे.

जे जीवाणू मूळचे आहेत त्यांना अन्न मिळणे अधिक महत्त्वाचे. या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान आहे. ज्वारीची भाकरी, वरण व पालेभाजी हा आपला पूर्वापार आहार तंतुयुक्त आहे. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ व लोह-जस्तयुक्त ‘परभणी शक्ती’ असे ज्वारीचे वाण दिले आहेत. लातूर व धाराशिव भागात वेळ अमावास्येला ज्वारीचे पीठ व ताक यांची आंबील करतात. तो पदार्थ सणापुरता न राहता घरोघरी यावा. तीव्र अवस्था उलटून अग्नी सावरल्यावर पेया, मऊ भात, ताकभात व मग भाकरी असा क्रम ठेवावा. अग्नी मंद असता तंतूंचा अतिरेक आध्मान वाढवितो, हे विसरू नये.

पुड्यांतून मिळणाऱ्या प्रोबायोटिकांविषयी संयम हवा. बालकांच्या तीव्र अतिसारात लॅक्टोबॅसिलसच्या वापराने विशेष लाभ झाला नाही, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत आढळले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात प्रतिजैविकांनंतर घेतलेल्या प्रोबायोटिकांमुळे मूळ जीवाणू परतण्यास उलट विलंब झाला. याउलट ओडिशातील ग्रामीण भागात साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांवर झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विशिष्ट लॅक्टोबॅसिलस व त्याचे खाद्य एकत्र दिल्याने रक्तदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. कोणता जीवाणू, कोणत्या रुग्णास व कोणत्या अवस्थेत, यावर फळ अवलंबून असते. द्रव्य, देश, काल व अवस्था पाहूनच योजना करावी, हा आपला नियम येथेही लागू पडतो.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती

नॉरफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन व मेट्रोनिडाझोल ही औषधे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. सेफिक्झिमसारखी औषधे १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये असून त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. हे केवळ कायद्याचे बंधन समजू नये. जुलाबाची गोळी मागणाऱ्यास प्रथम जलसंजीवनीचे पाकीट द्यावे, ते एक लिटर पाण्यातच कालवावयास सांगावे आणि वर दिलेली धोक्याची लक्षणे विचारावीत. पाकिटावरील घटकांचे प्रमाण तपासून घ्यावे. गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. तसा जुना साठा दुकानात असल्यास तो बालकास देऊ नये, कारण अधिक साखरेने जुलाब वाढतात.

उपसंहार

सारांश, आंत्रस्थ जीवाणू हे अग्नी नव्हेत. परंतु अग्नीचे कार्य ज्या क्षेत्रात चालते त्या क्षेत्राचे ते रहिवासी आहेत. जलक्षय रोखणे, आमपाचन, अवस्थेनुसार स्तंभन, योग्य वेळी रुग्णालयाची वाट दाखविणे आणि शेवटी तक्र व तंतुयुक्त आहाराने क्षेत्राची पुनःस्थापना, हा क्रम पाळल्यास बहुसंख्य रुग्ण प्रतिजैविकाविना बरे होतात. येत्या पावसाळ्यात सभासद वैद्यांनी अतिसाराच्या प्रत्येक रुग्णाची अवस्था, दिलेले औषध व एक महिन्यानंतरची मलप्रवृत्ती यांची साधी नोंद ठेवावी, अशी आमची विनंती आहे. अतिसारानंतर ग्रहणी किती जणांस जडते व कोणत्या क्रमाने ती टळते, हे आपल्याच जिल्ह्यातील नोंदींवरून सांगता आले, तर ती शास्त्राची मोठी सेवा ठरेल.