राजाने राज्य लोकांना दिले

असोद्यात रात्रीचा वर्ग भरला होता. एका मावशींनी विचारले, "गुरुजी, मत द्यायला वाचता यावं लागतं का हो?"

गुरुजी म्हणाले, "आता नाही लागत, मावशी. पण एका राज्यात लागत होतं. ऐका."

साताऱ्याकडे औंध नावाचे लहानसे संस्थान होते. गावे अवघी ७२. राजा होते भवानराव पंतप्रतिनिधी. त्या काळी लोखंडी नांगर विलायतेहून येत. आपला पैसा परदेशी जाई. लक्ष्मणराव किर्लोस्कर देशी नांगर करीत. १९१० साली राजाने त्यांना कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ दिला. तीच किर्लोस्करवाडी. शेतकरी आधी म्हणत, "लोखंडानं जमीन नासेल." नांगर पडून राहिले. पुढे लोकांना गुण कळला आणि नांगर खपू लागले.

पण कारखाना आला म्हणून राज्य लोकांचे होत नाही. हुकूम राजाचाच होता. १९३८ साली राजाने ठरविले, सत्ता लोकांच्या हाती द्यायची. गांधीजींचा सल्ला घेतला. राजपुत्र अप्पासाहेबही झटले. जानेवारी १९३९ मध्ये कायदा झाला. गावोगावी पंचायती आल्या. राजाच्या खासगी खर्चालाही मर्यादा पडली. मात्र मत कोणाला? ज्याला लिहिता-वाचता येते, त्याला.

मावशी म्हणाल्या, "मग अडाण्याला अक्कल नसते का?"

"असते तर! बहिणाबाई आपल्याच गावच्या लेक. जन्म १८८० चा. अक्षर येत नव्हतं, पण शहाणपण केवढं! त्यांची गाणी घरच्यांनी लिहून ठेवली, म्हणून आपल्याला मिळाली. लिहिणारं कोणी नसतं तर?"

वर्ग गप्प झाला.

१९४८ साली औंध भारतात विलीन झाले. १९५० साली आपली घटना लागू झाली. तिने अक्षराची अट घातली नाही. शिकलेला असो की अडाणी, एका माणसाला एकच मत.

"मग आम्ही शिकायचं कशाला?" मागून कोणी विचारले.

गुरुजी म्हणाले, "जळगावची केळी आज आखाती देशांत जातात. तिथंही राजे आहेत. पण भाव ठरतो तो कागदावर. काट्याची पावती, व्यापाऱ्याची पट्टी वाचता आली नाही, तर माल आपला आणि हिशेब दुसऱ्याचा. मत घटनेनं दिलं. ते राखायचं आपणच."

मावशींनी पाटी पुढे ओढली.

प्रश्न
१. औंधमध्ये मत कोणाला होते?
२. देशी नांगरामुळे कोणता पैसा वाचला?
३. तुमच्या घरातली एक पावती वर्गात आणा आणि वाचून दाखवा.